विभंगपट्ट्यातली उष्णता कशी जोखावी: भूऔष्णिक शोधाचे टप्पे

१९८७ साली फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, सुल्त्झ-सू-फोरे या छोट्या गावाजवळ, भूऔष्णिक संशोधनासाठी पहिला खोल बोअर घ्यायला सुरुवात झाली. जागा निवडण्यामागचं कारण साधं होतं. त्या भागातल्या जुन्या तेलविहिरींत वरच्या किलोमीटरभरात तापमान किलोमीटरमागे शंभर अंशांहून जास्त वेगाने वाढताना दिसलं होतं. जमिनीखालची नेहमीची वाढ पंचवीस ते तीस अंशांची असते. त्रैराशिक मांडलं तर पाच किलोमीटरवर ५०० अंश मिळायला हवेत. पुढे तिथे खरोखर पाच किलोमीटर खोल विहिरी झाल्या आणि तळाशी तापमान निघालं सुमारे २०० अंश सेल्सिअस. एक ते साडेतीन किलोमीटर या टप्प्यात ते किलोमीटरमागे जेमतेम पाच अंशांनी वाढत होतं. त्याखाली पुन्हा तीस अंशांचा नेहमीचा दर सुरू झाला.

या मोजणीत कुठेही चूक नव्हती. ग्रॅनाइटमधल्या भेगांतून गरम पाणी वर चढत होतं, थंड पाणी खाली उतरत होतं, आणि त्यामुळे मधला सगळा भाग ढवळलेल्या पातेल्यासारखा जवळपास एकाच तापमानाला आला होता. त्यावर गाळाच्या खडकांचं झाकण होतं. झाकणातून पाणी फिरत नाही, उष्णता फक्त वहनाने बाहेर पडते, म्हणून तिथे तापमानाचा आलेख इतका तिरपा दिसत होता. विभंगपट्ट्यांत, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या तड्यांच्या पट्ट्यांत, ऊर्जा शोधणाऱ्याने हा एक आलेख नीट समजून घेतला तर निम्मा विषय हाती येतो. विभंगात मिळणारी उष्णता पाण्याने खालून उचलून आणलेली असते. त्यामुळे पाण्याची वाट कुठे आहे, ती आज उघडी आहे का आणि पाणी त्या वाटेने वर चढतंय की खाली उतरतंय, हे तीन प्रश्न तापमानाच्याही आधी सोडवावे लागतात. पुढचे सगळे टप्पे याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

आधी शब्द नीट लावून घेऊ

विभंग, म्हणजे फॉल्ट, ही नकाशावर एक रेघ असते, पण जमिनीत तो एक पट्टा असतो. मधोमध गाभा: खडक घासून, दळून झालेली बारीक पूड आणि चिकणमाती. हा गाभा पाण्याला बहुतेक वेळा आडवा येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तडकलेल्या खडकाचा पट्टा असतो, काही मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत रुंद. पाणी वाहतं ते या तडकलेल्या भागातून, आणि तेही विभंगाच्या पृष्ठाला समांतर. म्हणजे एकच विभंग आडवं जाणाऱ्या पाण्याला बांध आणि उभं जाणाऱ्या पाण्याला नळी, अशी दोन्ही कामं करू शकतो. नकाशावरच्या रेघेच्या बरोबर मध्यावर विहीर खोदून गाभ्यातल्या चिखलात अडकणं ही चूक इथूनच होते.

खडकातून पाणी वाहू देण्याच्या क्षमतेला पार्यता म्हणतात. तिचं एकक चौरस मीटर. अखंड ग्रॅनाइटची पार्यता १० चा उणे १८ वा घात किंवा त्याहूनही कमी असते. विभंगात पाणी आपोआप, केवळ तापल्यामुळे हलकं होऊन फिरू लागायचं तर ती साधारण १० चा उणे १५ ते उणे १४ वा घात इतकी लागते. म्हणजे किमान हजारपट जास्त, आणि तीही काही किलोमीटर खोलीपर्यंत सलग.

हे साधलं तर फायदा किती? फ्रेंच संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रारूपांचं उत्तर बोलकं आहे. वरच्या काही किलोमीटरमध्ये निव्वळ वहनामुळे तापमानात पडणारा फरक क्वचितच वीस-तीस अंशांच्या वर जातो. पण पार्य विभंगपट्ट्यातल्या अभिसरणामुळे तो ८० ते ९० अंशांपर्यंत जाऊ शकतो, आणि सर्वाधिक फरक उभ्या विभंगात मिळतो. ज्वालामुखी नसलेल्या देशांना या विषयात रस का वाटतो, ते या आकड्यांवरून कळतं. पश्चिम तुर्कस्तानातल्या मेंडेरेस भागात सक्रिय ज्वालामुखी नाही, तरी खचदऱ्यांच्या विभंगांवर २०० अंशांहून गरम पाणी मिळतं आणि किझिलदेरे इथे १९८४ पासून वीज होते.

पहिला टप्पा: खालची शेगडी किती पेटलेली आहे?

शेतात पाऊल टाकण्याआधी टेबलावर बसून करायचं हे काम. त्या भागाचा उष्णताप्रवाह शोधा. तो मिलिवॅट प्रति चौरस मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला खडकाच्या उष्णतावाहकतेने भागलं की किलोमीटरमागे किती अंश वाढ होईल ते मिळतं.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. मध्य फ्रान्सच्या मासिफ सांत्राल पठारावरचा पाँजिबो विभंगपट्टा हा अशा शोधासाठी सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या पट्ट्यांपैकी एक. तिथला उष्णताप्रवाह सुमारे ११०. ग्रॅनाइटची वाहकता ३ धरली तर किलोमीटरमागे ३७ अंश. पृष्ठभागावर १० अंश धरून, फक्त वहनाने १५० अंश गाठायला पावणेचार किलोमीटर उतरावं लागेल. विभंगातलं अभिसरण धरून केलेल्या प्रारूपात तीच १५० अंशांची पातळी २.३ किलोमीटरवर आली. दीड किलोमीटर कमी खोदाई, म्हणजे खर्चात प्रचंड फरक.

आता कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ क्षमतेचा भूकंप, त्यानंतर आजपर्यंत चाललेली भूकंपांची मालिका, डोणीचा वाडा परिसरातला विभंग, आणि ९०० मीटरहून जास्त जाड बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पाया. भेगा आहेत, पाणी आहे, हालचाल तर आहेच. मग इथे भूऔष्णिक वीज का नाही, असा प्रश्न अनेक जण विचारतात. उत्तर शेगडीत आहे. कोयनेच्या खोल विवर प्रकल्पासाठी शास्त्रज्ञांनी जो अंदाज बांधला, त्यानुसार सहा किलोमीटर खोलीवर तापमान साधारण १३० ते १५० अंशच आहे. पाँजिबोत जे सव्वादोन किलोमीटरवर अपेक्षित आहे त्यासाठी इथे सहा किलोमीटर. दख्खनच्या जुन्या, थंड कवचात विभंग कितीही चांगला असला तरी तो खालची उष्णताच वर आणणार, नवी निर्माण करणार नाही. कोयनेचं महत्त्व भूकंपशास्त्रासाठी अपार आहे. विजेसाठी मात्र तिथे खोदणं मला पटत नाही.

म्हणून पहिल्या टप्प्यात एक उंबरठा ठेवावा. केवळ वहनाने १५० अंश साडेचार-पाच किलोमीटरच्या आत येत नसतील, तर वीज हे उद्दिष्ट बाजूला ठेवून थेट उष्णतेच्या वापराचा विचार करावा. हा माझा ढोबळ नियम आहे, पण त्याने पुष्कळ पैसा वाचतो.

दुसरा टप्पा: विभंगाचा नेमका कोणता भाग?

विभंग तीस किलोमीटर लांब असू शकतो. गरम पाणी वर येण्याची जागा मात्र एखाद्या किलोमीटरची. ती शोधायला अमेरिकेतल्या नेवाडा आणि आसपासच्या खचदऱ्यांच्या प्रदेशातला अनुभव फार उपयोगी पडतो. तिथल्या शेकडो भूऔष्णिक जागांची भूगर्भरचना तपासल्यावर दिसलं की मोठ्या विभंगाच्या मध्यभागी, जिथे घसरण सर्वाधिक झालेली असते, तिथे झरे क्वचितच आहेत. बहुतेक जागा तीन ठिकाणी सापडल्या: विभंग जिथे संपतो आणि बारीक फांद्यांत फुटतो तिथे, एक विभंग सोडून शेजारचा समांतर विभंग जिथे सुरू होतो त्या मधल्या दुव्यात, आणि दोन विभंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे. मधल्या भागात मोठे धक्के एकदमच ताण मोकळा करून टाकतात आणि खडक दळून चिकणमाती होते. टोकांना आणि सांध्यांना ताण साचून राहतो, लहान भेगा पुन्हा पुन्हा उघडतात.

करायचं असं. प्रथम उपग्रहचित्रं आणि उंचीच्या अंकीय नकाशावर रेघा काढा. त्यातल्या निम्म्या रेघा डाइकच्या (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीच्या), नदीच्या किंवा रस्त्याच्याही निघतील, म्हणून प्रत्येक रेघ पायी तपासा. उघड्या कातळावर दोरी ताणून तिला छेदणाऱ्या भेगा मोजा: दिशा, उतार, उघडीप, आत काय भरलंय. दर मीटरला भेगांची संख्या गाभ्यापासून दूर जाताना कशी घटते त्यावरून तडकलेल्या पट्ट्याची रुंदी कळते.

जुन्या खाणींची कागदपत्रं सोडू नका. पाँजिबोच्या परिसरात चांदीयुक्त शिशाच्या खाणी होत्या. धातूच्या शिरा म्हणजे एकेकाळी याच भेगांतून गरम पाणी वाहत होतं याचा दगडात उमटलेला पुरावा, आणि खाणकामगारांनी काढलेले नकाशे म्हणजे विभंगाचा फुकट मिळालेला उभा छेद. पण शीर भरलेली असणं याचा दुसरा अर्थही होतो: ती वाट बुजली आहे. क्वार्ट्झ आणि कॅल्साइट भेगा सांधून टाकतात.

तिसरा टप्पा: वाट आज उघडी आहे का?

सांधलेली भेग पुन्हा उघडी राहते ती अधूनमधून घसरत राहिली तरच. त्यासाठी आजच्या ताणांची दिशा माहीत हवी. ती भूकंपांच्या नोंदींवरून आणि जुन्या बोअरच्या भिंती कुठल्या बाजूला ढासळल्या यावरून काढतात. मग प्रत्येक विभंगावर घसरवणारा ताण आणि दाबून धरणारा ताण यांचं गुणोत्तर काढायचं. ते ०.६ च्या आसपास किंवा वर गेलं तर तो विभंग घसरण्याच्या बेतात आहे, आणि अशाच भेगा पाणी वाहून नेतात असं खोल बोअरमधल्या मोजण्यांत वारंवार दिसलं आहे.

यातली अडचण लपवण्यासारखी नाही. जो विभंग ऊर्जेसाठी चांगला, तोच भूकंपासाठी नाजूक. याकडे शेवटी परत येऊ.

चौथा टप्पा: पाण्याला विचारा

या टप्प्याला सगळ्यात कमी पैसा लागतो आणि माहिती सगळ्यात जास्त मिळते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

नमुना घेण्याची शिस्त आधी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, गरम झरे म्हणजे देवस्थानाची कुंडं. लोक स्नान करतात, फुलं वाहतात. म्हणून नमुना पहाटे, स्नानं सुरू होण्याआधी घ्या, आणि बांधलेल्या कुंडातून घेण्याऐवजी जिथून बुडबुडे येतात त्या उगमाशी घ्या. पुजाऱ्यांना, गावकऱ्यांना आधी भेटून काय करणार ते सांगा. कोणता उगम पावसाळ्यात थंड होतो आणि कोणता वर्षभर तसाच राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि ती माहिती प्रयोगशाळेत मिळत नाही. तापमान, सामू, विद्युतवाहकता आणि क्षारीयता जागेवरच मोजा. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. धातूंसाठीच्या बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाका. सिलिकासाठीचा नमुना तिथल्या तिथे दहापट ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करा, नाहीतर थंड झाल्यावर सिलिका गोठून बसते आणि आकडा खोटा कमी येतो. अहवाल आल्यावर धन आणि ऋण आयनांचा ताळा पाहा. पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तो नमुना बाद.

मग भूतापमापकं. गरम पाणी खोल जलाशयात खडकाशी समतोल साधतं आणि वर येताना त्याची रासायनिक खूण बरोबर आणतं, या कल्पनेवर ती उभी आहेत. समजा, एका झऱ्यात लिटरमागे सिलिका १०० मिलिग्रॅम, सोडियम २००, पोटॅशियम १० आणि मॅग्नेशियम १ आहे. आकडे सरावापुरते घेतले आहेत.

क्वार्ट्झचं सूत्र: १३०९ ला, ५.१९ मधून सिलिकाचा लॉग वजा करून येणाऱ्या संख्येने भागा आणि २७३.१५ वजा करा. उत्तर १३७ अंश. कॅल्सेडनी हे सिलिकाचंच अतिसूक्ष्म स्फटिकांचं रूप. तिचं सूत्र तसंच, फक्त १०३२ आणि ४.६९ घेऊन: ११० अंश. सोडियम-पोटॅशियम: १३९० ला, १.७५ अधिक सोडियम भागिले पोटॅशियमचा लॉग या संख्येने भागून २७३.१५ वजा: १८२ अंश. पोटॅशियम-मॅग्नेशियम: ४४१० ला, १४ मधून पोटॅशियमच्या वर्गाला मॅग्नेशियमने भागून घेतलेला लॉग वजा करून भागा आणि २७३.१५ वजा करा: ९४ अंश.

एकाच पाण्याची चार उत्तरं, ९४ पासून १८२ पर्यंत. यातलं सर्वांत मोठं उचलून प्रस्तावात लिहिण्याचा मोह फार जणांना होतो. सोडियम-पोटॅशियमची जोडी समतोल साधायला फार वेळ घेते. ती खोलवरची आठवण जपते खरी, पण पाणी मुळात समतोलाला पोहोचलंच नसेल तर तिचं उत्तर निरर्थक असतं. पोटॅशियम-मॅग्नेशियम लगेच बदलते, वरच्या थंड पाण्यातलं मॅग्नेशियम मिसळलं की खाली येते. साधारण १८० अंशांच्या खाली अनेकदा क्वार्ट्झपेक्षा कॅल्सेडनीच सिलिकाचं प्रमाण ठरवते, आणि आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी भरपूर असते. वरच्या उदाहरणात कॅल्सेडनी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम जवळपास येतात, तेव्हा १०० अंशांच्या आसपासचा जलाशय नक्की धरावा आणि १८२ ही फक्त पुढे तपासण्याजोगी शक्यता मानावी. समुद्राचं पाणी मिसळलं असेल तर ही सूत्रं आणखी गोंधळतात. कोकणातल्या अनेक झऱ्यांत क्लोराईड जास्त आहे, तिथे हा तपास आधी करावाच लागतो.

पाण्याचं वय आणि उगम समस्थानिकांवरून कळतो. ट्रिशियमचं, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी समस्थानिकाचं, अर्धायुष्य १२.३ वर्षं. ते सापडलं तर अलीकडच्या पावसाचं पाणी मिसळतंय. बुडबुड्यांतला हेलियमही तपासावा: हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचं गुणोत्तर कवचातल्या वायूत हवेच्या तुलनेत सुमारे ०.०२ पट असतं, प्रावरणातून आलेल्या वायूत आठपट. ज्वालामुखी नसतानाही हे गुणोत्तर कवचाच्या पातळीपेक्षा ठळकपणे वर असेल, तर विभंग फार खोलवर पोहोचला आहे. नेवाडात काही क्षेत्रांबाबत हा पुरावा मोलाचा ठरला.

आणि झराच नसला तर? निराश होऊ नये. नेवाडातल्या ज्ञात क्षेत्रांपैकी एक तृतीयांशाहून जास्त क्षेत्रांत पृष्ठभागावर गरम पाण्याची काहीही खूण नाही.

पाचवा टप्पा: न खोदता आत पाहणं

मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीने, म्हणजे पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजून, जमिनीखालचा विद्युतरोध काही किलोमीटर खोलीपर्यंत कळतो. खारं गरम पाणी आणि चिकणमाती विजेला कमी रोध करतात. पण जुन्या, थंड होऊन गेलेल्या प्रणालीतली चिकणमातीही तसाच रोध दाखवते, आणि ग्रॅफाइट किंवा गंधकयुक्त खनिजंही. म्हणून कमी रोधाचा डाग म्हणजे गरम पाणी असं कधीही लिहू नये. गुरुत्वमापन आणि भूकंपलहरींचा वेग यांच्या चित्राशी तो जुळतो का, एवढंच पाहावं. आपल्याकडे वीजवाहिन्यांचा ५० हर्ट्झचा गोंगाट असतो, तेव्हा दूरच्या शांत जागी दुसरं केंद्र एकाच वेळी चालू ठेवल्याशिवाय मोजणी करू नये.

सहावा टप्पा: उथळ बोअर आणि तापमानाचा आलेख

आता पुन्हा सुल्त्झच्या धड्याकडे. १०० ते ३०० मीटरचे पाच-सहा बोअर विभंगाला आडव्या रेषेत घ्या: एक गाभ्याजवळ, बाकी दोन्ही बाजूंना. खोदून झाल्यावर लगेच तापमान मोजू नका. खोदाईच्या पाण्याने भोवतालचा खडक थंड झालेला असतो, तो पूर्ववत व्हायला काही आठवडे द्या. वरचे वीस-तीस मीटर ऋतूंनुसार बदलतात, ते सोडून द्या.

आलेखाचे चार आकार ओळखता आले पाहिजेत. सरळ तिरपी रेघ: निव्वळ वहन. वरच्या बाजूला भराभर तापून खाली जवळपास उभी होणारी रेघ: पाणी वर चढतंय, ही आपल्याला हवी ती जागा. सुरुवातीला थंड राहून खाली एकदम वाढणारी: पाणी खाली उतरतंय, इथे विहीर खोदली तर पदरी निराशा. चौथा आकार सगळ्यात फसवा असतो. तापमान वाढत जातं, कमाल गाठतं आणि मग खाली कमी होऊ लागतं. याचा अर्थ गरम पाणी इथे खालून येत नाही, दुसरीकडे वर चढून उथळ थरातून आडवं वाहत इथवर आलं आहे. झरा इथे असला तरी उगम इथे नाही. असा आलेख मिळाला की शेजारच्या बोअरशी तुलना करून पाणी कुठल्या दिशेने येतंय त्या बाजूला सरकावं.

छत्तीसगडच्या तातापानीला, सोन-नर्मदा पट्ट्यावर, काहीशे मीटरच्या बोअरमध्येच तापमान ११० अंशांच्या आसपास गेलं. लडाखच्या पुगा खोऱ्यात ४,४०० मीटर उंचीवर झऱ्यांचं पाणी ८४ अंश असतं, आणि त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. दोन्ही जागा भारतासाठी फार महत्त्वाच्या आहेत. पण तिथेही उथळ बोअरमधला दर खोलवर तसाच लांबवणं धोक्याचं आहे. उथळ आलेखाने जलाशयाचं तापमान कळू शकतं, त्याच्या तळाचं नाही.

सातवा टप्पा: आकडा किती मोठा?

आतापर्यंतची माहिती घालून संगणकीय प्रारूप करावं: उष्णता, पाणी आणि ताण एकत्र. विभंगाचा उतार, रुंदी आणि पार्यता बदलून पाहायची आणि बोअरमधल्या आलेखांशी जुळणारी प्रारूपंच ठेवायची. एकच प्रारूप दाखवणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. जुळणारी दहा वेगवेगळी प्रारूपं काढली की अनिश्चितता किती आहे ते दिसतं.

त्याबरोबर हाताने एक हिशेब जरूर करा. समजा, तडकलेला पट्टा दोन किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद, दोन किलोमीटर उंच आहे: ०.८ घन किलोमीटर. तो १६० वरून ८० अंशांवर आणायचा. खडकाच्या घनमीटरमागे अंशाला २.७ मेगाज्यूल धरले तर एकूण उष्णता १.७ गुणिले १० चा १७ वा घात ज्यूल. विभंगाधारित क्षेत्रांत यातली फार तर ८ ते २० टक्के बाहेर काढता येते असं धरतात. १० टक्के घेऊन ३० वर्षांत वाटली तर सुमारे १८ मेगावॉट उष्णता. या तापमानाला विजेत रूपांतर दहा टक्क्यांच्या आसपास: १.८ मेगावॉट वीज. खालून नव्याने येणारं गरम पाणी यात धरलेलं नाही, ते जास्तीचं. पण एका विभंगावर शंभर मेगावॉटची स्वप्नं दाखवणाऱ्याला हा हिशेब समोर बसून करायला सांगावा. सुल्त्झला २०१६ पासून चाललेलं केंद्र १.७ मेगावॉटचंच आहे.

उष्णता थेट वापरली की चित्र पालटतं. सुल्त्झपासून जवळच रिटर्सहोफेनला सुमारे अडीच-तीन किलोमीटर खोल दोन विहिरी आहेत. सेकंदाला ७० लिटर, १६५ अंशांच्या वरचं पाणी. त्यातून २४ मेगावॉट उष्णता १५ किलोमीटर लांबीच्या नळाने एका स्टार्च कारखान्याला २०१६ पासून जाते. विजेत बदलताना जी नव्वद टक्के उष्णता हातची जाते ती इथे कामी येते.

आठवा टप्पा: विहीर

रिटर्सहोफेनकडूनच शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट. पहिल्या विहिरीने विभंग छेदला, पण पाणी पुरेसं घेईना. थंड पाणी, सौम्य आम्ल आणि मर्यादित दाब वापरून तिची क्षमता सुमारे पाचपट वाढवावी लागली. दुसरी विहीर विभंगाच्या पृष्ठाला जवळपास समांतर उतरवली, म्हणजे तडकलेल्या खडकातून ती जास्त लांब जाते. तिला कोणतेही उपचार लागले नाहीत. उभ्या विहिरीने उभा विभंग छेदायला जाणं म्हणजे पानाच्या कडेवर सुई टोचण्यासारखं आहे. विहीर तिरपी हवी, गाभा टाळून तडकलेल्या पट्ट्यात शिरणारी, आणि शक्यतो आजच्या ताणांत उघड्या राहणाऱ्या भेगांना काटकोनात भेटणारी.

खोदताना ड्रिलिंग मड, म्हणजे विहिरीत फिरवलेला पातळ चिखल, कुठे हरवतो त्याची मीटरनिशी नोंद ठेवा. मड हरवणं ही खोदणाऱ्यासाठी डोकेदुखी असते, आपल्यासाठी ती उघड्या भेगेची खूण. त्यानंतर किमान काही आठवडे पाणी काढून दाब कसा उतरतो आणि किती वेळात सावरतो ते पाहा. एक दिवसाच्या चाचणीत फक्त विहिरीजवळची भेग दिसते, जलाशय नाही. दोन विहिरींच्या मधून रंगद्रव्य पाठवून ते किती दिवसांत पोहोचतं तेही पाहावं. दोन-तीन दिवसांत पोहोचलं तर थंड पाणीही लवकर पोहोचेल आणि उत्पादन थंड पडेल.

नववा टप्पा, जो खरं तर पहिल्या दिवसापासून चालतो: भूकंप

८ डिसेंबर २००६ रोजी स्वित्झर्लंडच्या बासेल शहराखाली पाणी दाबताना ३.४ क्षमतेचा धक्का बसला आणि तो प्रकल्प पुढे बंद झाला. स्ट्रासबुर्गजवळ वेंडेनहाइमला डिसेंबर २०२० मध्ये ३.६ चा धक्का बसल्यावर काम थांबवलं गेलं. थांबवल्यानंतरही जून २०२१ मध्ये ३.९ चा बसला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला १५ नोव्हेंबर २०१७ रोजी सुमारे ५.५ क्षमतेचा भूकंप झाला, शेकडो घरं मोडली, कित्येक जण जखमी झाले. पाणी दाबल्यामुळे तिथला एक अज्ञात विभंग जागा झाला असं सरकारी चौकशीत २०१९ मध्ये निष्पन्न झालं.

यातून कामाचे नियम निघतात. भूकंपमापकांचं जाळं खोदाईच्या किमान एक वर्ष आधी बसवा, म्हणजे नैसर्गिक धक्के आणि आपण घडवलेले धक्के वेगळे ओळखता येतील. धक्क्याची मर्यादा आणि ती ओलांडल्यावर दाब कमी कोण करणार, थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे लेखी ठरवा, आणि तो अधिकार खर्च करणाऱ्या कंपनीकडे एकट्याकडे ठेवू नका. पोहांगला मोठ्या धक्क्याआधी लहान धक्के येत होते, त्यांचं ठिकाण एका प्रतलावर जुळत होतं. प्रत्येक लहान धक्क्याचं स्थान त्याच आठवड्यात नकाशावर टाका. ते एका सपाट पृष्ठावर रांगेत येऊ लागले तर मर्यादा गाठली नसली तरी थांबा. आणि जिथे मुळातच कोयनेसारखी नैसर्गिक भूकंपीयता आहे, धरण आहे, खाली वस्ती आहे, तिथे जास्त दाबाने पाणी सोडण्याचा विचारच करू नका.

कोकणापुरतं

वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी गरम झऱ्यांची रांग आहे. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळचं साठच्या. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस भेगांतून खोल उतरतो, तापतो आणि पायथ्याशी वर येतो, हे चित्र पटण्यासारखं आहे. कमी उष्णताप्रवाहाच्या कवचात एवढं गरम पाणी येतंय म्हणजे वाट खोल आणि उघडी आहे. वर दिलेल्या क्रमात या झऱ्यांसाठी मी चौथ्या आणि सहाव्या टप्प्यावर पैसा लावेन: वर्षभर, पावसाळ्याआधी आणि नंतर, शिस्तीत घेतलेले पाण्याचे नमुने, आणि तुरळ किंवा उन्हवऱ्याला विभंगाला आडवे पाच-सहा उथळ बोअर. त्यातून ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी सेकंदाला वीस लिटर मिळालं आणि ते चाळीस अंशांपर्यंत वापरलं, तर साधारण चार मेगावॉट उष्णता होते. काजू, कोकम, आमसुलं आणि मासळी सुकवायला ती पुरते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात सुकवण्याच्या मालाची कमतरता नाही. बोअर झऱ्यापासून इतके दूर घ्यावेत की कुंडाच्या पाण्यावर परिणाम होणार नाही, आणि पहिल्या दिवसापासून कुंडातली पातळी व तापमान रोज नोंदवण्याचं काम गावातल्याच कुणाला तरी द्यावं.